पावसात भिजलेला हरीक

आमी नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हरीक पाखडला. खळ्याच्या कडेला ती सुपानं पाखडत होती, मी टोपलीनं ओतत होतो. लढाईची वर्षं. भात सरकारी वसुलीत गेलेलं, घरात खायला उरलं ते माळावरचं हे भरड धान्य, हरीक. तोही कापून पडलेला असताना दोन दिवस अवकाळी पावसात भिजलेला.

तिनं मूठभर दाणे नाकाशी नेले, एक चावला आणि थुंकली.

"अवो, ह्यो खायचा नाय."

"शेणकाल्यात भिजत घालू. माज उतरतो."

"मागल्या खेपेला उतरला काय? म्हशीला रामराम करीत होतात तुमी!"

खरं होतं ते. मुरबाडच्या वर, घाटाखालच्या आमच्या गावांत हरीक शेणपाण्यात भिजवून, वाळवून मग शिजवायची रीत. त्यानं माज, म्हणजे हरकाची नशा, जातो अशी सगळ्यांची खात्री. दोन वर्षांमागं असाच पावसात सापडलेला हरीक आमी रीतीप्रमाणे करून खाल्ला. थोड्या वेळात हातपाय कापायला लागले, डोकं गरगरलं, ओकाऱ्या. लोक हसले, फुकटची दारू चढली म्हणाले. शेजारची म्हातारी मात्र त्यातून उठली नाय. तेव्हापासून माझी बायको सांगायची, माज हरकाचा नसतो, बुरशीचा असतो. सुका घरात आलेला हरीक आपल्याला कधी लागला नाय. तिनं शाळेची पायरी पाहिली नव्हती. मी दुसरीपर्यंत गेलो होतो. पण अक्कल तिच्याकडे होती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

त्या दिवशी मात्र तो टाकायला माझा जीव होईना. टाकला तर खायचं काय? "बघू," म्हणालो आणि कणगीत भरला.

"बघत बसा. माझ्या चुलीवर चढायचा नाय."

दुसऱ्या दिवशी तिला हिवताप भरला. चौथ्या दिवशी गेली.

शहापुराकडून तिचे भाऊ आले, भाऊबंद जमले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाय, म्हणून जेवण माझ्या थोरल्या भावाच्या घरी होणार होतं. वहिनीनं संध्याकाळी आमच्या कणगीतला हरीक नेऊन शेणकाल्यात भिजत घातला. मी बघितलं.

सकाळी कुदळ घेतली, गावाबाहेर कमरेइतका खड्डा खणला. भिजवलेला हरीक वहिनीच्या घरून घमेल्यासकट उचलून आणला, खड्ड्यात ओतला, मग कणगी रिकामी करायला लागलो. वहिनी धावत आली.

"भावजी, डोकं फिरलं काय तुमचं? एवढी माणसं काय खातील, माती?"

"तिनं खायचा नाय म्हणून सांगितलंय."

"ती गेली आता."

"गेली म्हणून खोटी पडली काय?"

मी तळापर्यंत कणगी झाडली. खड्ड्यात राख टाकली, माती लोटली, गुरांनी उकरू नये म्हणून वर करवंदीचे काटे रचले. मग आत जाऊन पेरणीसाठी राखलेल्या नाचणीचं मडकं उतरवलं. बियाणं होतं, सुकं, खडखडीत. ते वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणालो, "दळा."