कोरडी हवा

बुटांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर सहलींचं एक ऑफिस होतं. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे हवावाल्या बाई म्हणायचे. तिकिटं, हॉटेलं, गाड्या यांची टेबलं वेगळी. बाईंकडे गिऱ्हाईक यायचं ते एवढंच विचारायला, की या दिवसांत तिथे गेलं तर हवा मानवेल का?

बाई सरळ उत्तर कधी देत नसत. "बरोबर कोण कोण आहे?" इथून सुरुवात. सासूबाईंचे गुडघे दुखतात का, बाळाला गाडी लागते का, पायी भटकायला जाताय की नुसतं लोळायला? हवा चांगली किंवा वाईट नसतेच मुळी, ती कुणाला हवी आहे ते बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. गाव तेच, महिना तोच, पण डोंगर चढणाऱ्याला ढगाळ गारवा म्हणजे पर्वणी, आणि फोटो काढणारा धुक्याला शिव्या घालत परत येणार. म्हाताऱ्यांची हाडं ठणकणार ती वेगळीच. नव्या जोडप्यांना मात्र त्या तिथे खुशाल पाठवायच्या. "त्यांना खोलीबाहेर पडायचंय कशाला," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

बाईंनी स्वतः यातली फारशी गावं पाहिली नव्हती. नवरा लोखंडी कपाटं रंगवण्याच्या कारखान्यात. दिवसभर हातात रंगाच्या फवाऱ्याची नळी आणि तोंडावर फडकं. रजा मिळाली की घरातलं काहीतरी काम निघायचं. रिटायर झाल्यावर फिरू, असं दोघांचं ठरलेलं. पण तोवर त्या रंगाने नवऱ्याची छाती पोखरून टाकली होती. जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि भिंतीकडे निरखून बघायचे, जणू तिथला रंग कसा बसलाय ते तपासताहेत. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून.

छातीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वाफारा दिला, आणि एके दिवशी म्हणाले, "थोडे दिवस हवापालट करून बघा."

घरी येताना रिक्षातच नवरा म्हणाला, "समुद्रावर जाऊ या का गं?"

"समुद्राची हवा दमट. तुमच्या छातीला नाही मानवायची."

"पाण्यात कोण उतरतंय? नुसतं बघायचं."

"बघायला गेलात तरी श्वास घ्यावा लागेलच ना?"

ते हसले. रात्री जेवताना मात्र त्यांनी पुन्हा विषय काढला. आपण अजून समुद्र बघितलेला नाही, असं सहज बोलल्यासारखं बोलले. मुलगी म्हणाली, "आई, जा ना त्यांना घेऊन."

"माझ्या शब्दावर लोक घरदार घेऊन बाहेर पडतात," बाई म्हणाल्या, "आणि तुझ्या बाबांना मी वाटेल तिथे नेऊ?"

त्यानंतर नवऱ्याने समुद्राचं नाव काढलं नाही.

बाईंनी जीव ओतून गाव शोधलं. माळावरचं, कोरड्या हवेचं. पहाटे बोचरी थंडी नाही, दुपारी ऊन भाजत नाही, धूर नाही, ओल नाही. हवा निघालीही अगदी त्या म्हणाल्या होत्या तशीच. खोलीपुढे व्हरांडा होता. समोर बंद गोदामाची लांबलचक भिंत आणि मोकळी जमीन. नवरा सकाळपासून खुर्ची टाकून तिथे बसायचा. खोकला जरा कमी झाला, तेव्हा बाईंना हायसं वाटलं.

"कसं वाटतंय?" त्या दर थोड्या वेळाने विचारायच्या.

"बरं आहे."

एका दुपारी त्यांनी विचारलं, "इथे बघण्यासारखं काय असतं गं?"

"विश्रांतीला आलोय आपण," बाई म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली, खुर्ची उचलून आत नेली, आणि पुढचे दिवस ते बहुतेक पडूनच राहिले.

परत आल्यावर बाई एकट्याच डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला गेल्या. कोरडी हवा मुद्दाम निवडली, हे त्यांनी आपणहून सांगितलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"या अवस्थेत कोरडी काय आणि दमट काय, फरक पडत नाही हो," ते म्हणाले. "जरा मन रमावं म्हणून सुचवलं होतं मी. त्यांना आवडेल तिथे न्यायचं होतंत."

बाई दवाखान्यातून तडक ऑफिसात गेल्या. मालकांनी लगेच गाडी ठरवून दिली, मागची सीट काढून गादी टाकायची व्यवस्था केली. पण घरी नवऱ्याला आता उशीवरून मान उचलणंही जड जात होतं.

"समुद्रावर जाऊ या आपण," बाई म्हणाल्या. "गाडीत आडवं पडून यायचं. सगळं ठरवून आलेय मी."

त्यांनी बाईंचा हात थोपटला. "नको गं. दमट असते ना तिथली हवा."

टोमणा नव्हता तो. त्यांनी बायकोच्या शब्दावर मनापासून विश्वास ठेवला होता. डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला बाईंची जीभ रेटली नाही, आणि तो आठवडा संपायच्या आत ते गेले.

भेटायला आलेले म्हणत, तुम्ही त्यांचं किती केलंत. नणंद म्हणाली, "वहिनी, तू त्याच्या भल्यासाठीच नाही म्हणालीस." बाई चहाचे कप उचलून आत गेल्या. पुढे मुलीने हट्टाने त्यांना समुद्रावर नेलं. आभाळ स्वच्छ, वारा मऊ, कुणालाही मानवेल असा दिवस. बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. मुलगी एकटीच वाळूवर थोडी चालली आणि डोळे पुसत परत आली.

ऑफिसात त्या पुन्हा जाऊ लागल्या, पण गिऱ्हाईक समोर बसलं तरी आधीसारखं काही विचारत नसत. कुठलीही हवा कुणाला मानवेल असं छातीठोकपणे म्हणायची त्यांना धास्ती वाटायची. "मला नाही सांगता येत," एवढंच म्हणायच्या. महिनाभर मालकांनी सांभाळून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही तिकिटांच्या टेबलावर बसता का?" त्या उठल्या.

तिकिटांचं टेबल आतल्या बाजूला, दिव्याखाली. खिडकीपाशी आता एक तरुण मुलगी बसते. अजूनही कुणी जुनं गिऱ्हाईक जिना चढून येतं आणि हवावाल्या बाई कुठे म्हणून विचारतं. बाई बोटाने त्या मुलीकडे दाखवतात आणि मान खाली घालून तिकिटांवरच्या तारखा तपासत बसतात.