राउई आणि माझं सोवळं

डच लोकांना ब्रेड कळत नाही, हे माझं मत नऊ वर्षांत तसूभरही बदललेलं नाही. दुपारी बारा वाजले की ऑफिसात सहकारी डबे उघडतात. आत काय, तर ब्रेडचे दोन गार स्लाइस आणि मधे चीजची चकती. कालही तेच, उद्याही तेच. घरी मुलांना हेच लोक ब्रेडवर लोणी लावून वर चॉकलेटचे दाणे पसरून देतात आणि त्याला जेवण म्हणतात. त्यावर ती पोरं सहा-सहा फूट कशी वाढतात, देव जाणे.

मी हे बोलू शकतो, कारण मी राउई खाल्लेली आहे. इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला येण्याआधी, लग्नाच्याही आधी, मी तीन वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला एकटा राहत होतो. कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी साडेसहाला गरम राउई, म्हणजे तिथली खास पावरोटी, मिळायची. दिसायला दरिद्री: चपटी, वेडीवाकडी, कुणीतरी चुकून वर बसल्यासारखी. पण खारट, पापुद्र्यांची, कडेला कुरकुरीत आणि मधे ओलसर. आपली खारी जरा अंगाने भरली असती, तर अशी झाली असती. कोळ्यांना बोटीवर आठवडाभर पुरावी म्हणून हा प्रकार निघाला, असं बेकरीवाली बाई सांगायची. त्या काळोख्या गावात सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटायचं ते फक्त राउईपायी. बायकोला हे सगळं इतक्यांदा ऐकवलंय की मी ‘ॲबर्डीन’ म्हटलं की ती मिक्सर लावते.

आता माझ्या दुसऱ्या सद्गुणाबद्दल. मी कट्टर शाकाहारी आहे. सुपरमार्केटात मी प्रत्येक पाकीट उलटं करून वाचतो. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, योगर्टमध्ये जनावरांच्या हाडांचं जिलेटिन निघतं, बिस्किटांतही लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. इथे आलेले आपले लोक ऑफिसच्या पार्टीत ‘चलता है’ म्हणत काहीही तोंडात टाकतात, त्यांच्याकडे पाहून मी वर्षानुवर्षं नाक मुरडत आलोय. बायको मालवणची. लग्नानंतर तिने मासे सोडले. खरं तर मी सोडायला लावले.

मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डचमध्ये, नाहीतर इंग्रजीत. जिलेटिन, लार्ड, रेनेट हे शब्द मात्र मी तिच्याकडून दोन्ही भाषांत पाढ्यांसारखे पाठ करून घेतले. इथल्या शाळेत ज्याचा वाढदिवस, तो वर्गाला खाऊ वाटतो. आमच्याकडे तो खाऊ आधी माझ्या तपासणीला यायचा.

दोन वर्षांपूर्वी तिची जिवलग मैत्रीण मास्ट्रिख्टला राहायला जाणार होती. जाण्याआधीच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आला. तिने काडीवर मार्शमेलो ओवून प्रत्येकासाठी एक सुरवंट केला होता आणि आमच्या मुलीच्या सुरवंटाला कागदाचा मुकुटही घातला होता. मुलीने तो न खाता दोन्ही हातांत धरून घरी आणला. मार्शमेलो म्हणजे जिलेटिन, वाचायचीही गरज नव्हती. मी पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनेच तो आत टाकला. रडली नाही. त्यानंतर तिने घरी खाऊ आणलाच नाही, वर्गातच परत करायला लागली. याला संस्कार म्हणतात, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो.

गेल्या महिन्यात ऑफिसातला एक स्कॉटिश सहकारी सुट्टीला गावी निघाला. मी त्याला गळ घातली आणि त्याने सहा राउयांचं पाकीट आणलं. रविवारी सकाळी मी ओव्हन तापत ठेवला आणि घरच्यांना ॲबर्डीन पुन्हा एकदा ऐकवायला घेतलं. मुलीने सवयीने पाकीट उलटं केलं.

“व्हीट फ्लावर, लार्ड,” तिने वाचलं आणि थांबली. “बाबा, लार्ड.”

मी पाकीट हातात घेतलं. चष्मा लावून वाचलं तरी तेच होतं. ॲबर्डीनच्या कागदी पिशवीवर काही छापलेलं नसायचं, आणि त्या बाईला एकदा विचारावं असं तीन वर्षांत मला सुचलं नाही. मी सुचू दिलं नाही, हे जास्त खरं.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” बायको म्हणाली. म्हणीचा पुढचा अर्धा भाग तिने मोठ्या मनाने माझ्यावर सोडला.

मुलगी मात्र उठली, डब्यापाशी गेली आणि पायाने झाकण उघडून माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना टोमणा. घरचा नियम तिला ठाऊक होता, एवढंच.

मी उठलो नाही. पाकीट फुटलं होतं, तो खारट वास सुटला होता, आणि मला लाज वाटत असतानाही त्यातली एक खायची होती. तिने ते ओळखलं. झाकणावरचा पाय काढला आणि कित्येक दिवसांनी माझ्याशी सरळ मराठीत बोलली.

“मग माझा का टाकायला लावला?”