गॅलरीतला पडदा

लग्न होऊन मी फणसवाडीतल्या चाळीत आले, तेव्हा एका खोलीत सासूसासरे, दोन दीर आणि नणंद राहत होते. आम्हा दोघांची झोपायची सोय बाहेर, लाकडी गॅलरीच्या टोकाला. तिथल्या दोन खांबांना खिळे, खिळ्यांना सुतळी आणि सुतळीवर माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. संसार एवढाच, पण तो माझा होता.

दर गणपतीला मामंजी, म्हणजे माझे सासरे, गॅलरीचे खांब आणि कठडा हिरव्या ऑइलपेंटने रंगवायचे. ब्रश दुसऱ्या कुणाच्या हाती देतील तर शपथ! जुना रंग खरवडायचा मात्र त्यांना कंटाळा, म्हणून रंगावर रंग. खांबांवर म्हणे कधीकाळी नक्षी होती. मला तर ते वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत दिसायचे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रस्त्यावर मोर्चा आला की अख्खी चाळ गॅलरीत. एकदा घोषणा ऐन रंगात आल्या असताना पायाखाली असं काही कडाडलं की सगळे मुकाट घरात पळाले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस आला. वर बघूनच म्हणाला, "लाकूड कुजलंय. गॅलरी पाडू, खिडक्या बसवू."

गॅलरी गेली तर आम्ही दोघांनी जायचं कुठे? पण नव्या सुनेने हे कुणाला विचारायचं?

मामंजी भडकले. "कुजलंय? अहो, अस्सल बर्मा सागवान आहे! दर वर्षी रंगवतो मी!" ते दाखवायलाच त्यांनी चाकूने खांब खरवडला. रंगाचे पापुद्रे सुटले आणि आतून वेल निघाली, पानं निघाली. मग ते खाली वाकले. तळाशी चाकू लोण्यात जावा तसा आत गेला. फटीतून शिरलेलं पावसाचं पाणी रंगाच्या थरांनी आतच कोंडून ठेवलं होतं. मला मामंजींची फार दया आली.

त्यांनीच मग मालकाला गळ घातली, की कुजलंय तेवढंच बदला, खरवडायचं आम्ही बघतो. गॅलरीला खालून लाकडी टेकू लावले. सुताराने खांबांच्या तळाशी नव्या सागाचे जोड दिले. चाळ सुट्टीच्या दिवशी खरवडायला बसे. "मुंबई आधी मिळते का नक्षी आधी दिसते, बघू," दीर चिडवायचे. तोवर मी आत, सासूबाईंच्या शेजारी झोपत होते.

काम संपलं. मामंजींनी सगळ्यांना बजावलं, "यापुढे रंग नाही, फक्त अळशीचं तेल. आणि या लाकडाला कुणी एक खिळा मारायचा नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गॅलरी वाचली होती आणि माझी जागा गेली होती. मला मनातून त्यांचा रागच आला.

त्याच संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते, तर बाहेर ठोकल्याचा आवाज. जाऊन बघते तो मामंजी स्टुलावर उभे. टोकाच्या खांबात, दोन पानांच्या मधल्या जागेत, खिळा ठोकत होते. मला पाहून खाली उतरले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सूनबाई, ती सुतळी जुनी झाली होती. नवी आणलीय, फळीवर ठेवलीय बघ."