मामी माईकवर काय म्हणाली

मामी माईकवर जे बोलली ते मी लोकांना सांगितलं नाही. मी दुसरंच सांगितलं. गडबडीत तसं झालं, असं बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो, पण ते खरं नाही. तिचं बोलणं मला नीट कळलं होतं आणि कळूनच मी ते बदललं.

तेलंगण वेगळं व्हायच्या आधीची गोष्ट. आदिलाबादला आम्ही काही शिक्षक आणि कारकून मिळून छोटा चित्रपट महोत्सव भरवायचो. टॉकीजला लागत नाहीत अशा फिल्मा दाखवायच्या आणि प्रत्येक फिल्मनंतर खुली चर्चा. शाळेचा हॉल, खिडक्यांना काळं कापड, भाड्याचा प्रोजेक्टर. लाइट गेली की लोक अंधारातच वाद घालत बसायचे. चर्चा तेलुगूत चालायची. आमच्याकडचं कोणी मराठीत बोललं की ते तेलुगूत सांगणं माझं काम. ते मला फार आवडायचं. दोन्हीकडची माणसं माझ्या तोंडाकडे बघत असायची.

त्या वर्षीची मुख्य फिल्म हैदराबादच्या एका दिग्दर्शकाची होती, नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या बायकांवर. वांकिडीकडच्या गावांमधून त्याला मीच फिरवलं होतं. त्यातलं एक माझं आजोळ. मामीची मुलगी नवऱ्याच्या माराला कंटाळून परत आली होती. कॅमेऱ्यापुढे बसायला ती तयार नव्हती. मी तिला म्हणालो, आपण विहारात जाणारी माणसं, आपल्या बायकांनी कशाला गप्प बसायचं? वर हेही सांगितलं की फिल्म तिकडे हैदराबादला दाखवतील, इकडे कोण बघतो. मोठा भाऊ सांगतोय म्हणून ती बसली. दारात बसून, हातातल्या बांगड्या मागेपुढे करत, तिनं सगळं सांगितलं.

आणि वर्षभरानं तीच फिल्म आदिलाबादला दाखवण्याचा आग्रह मीच धरला. फिल्ममधल्या बायकांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. मामी एकटीच आली. धुवट पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. फिल्म संपेपर्यंत ती पदर तोंडाशी धरून बसली होती. चर्चा सुरू झाल्यावर कोणीतरी म्हणालं, आईंनी बोलावं. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश बोलली.

"हे सिनेमावाले भाऊ चांगले हायेत. पण माह्या पोरीचं तोंड यातून काढून टाका म्हणा. तिचं दुसरं लगन जमून राह्यलं राजुऱ्याकडं. पोराकडच्याईनं पाह्यलं त मोडन."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. हॉलही माझ्याकडे पाहू लागला; दोन्ही भाषा कळणारा त्या दिवशी तिथं मी एकटाच होतो.

मी तेलुगूत म्हणालो, "आई म्हणतात, माझी मुलगी बोलली याचा मला अभिमान वाटतो. इतर बायकांनीही बोलावं."

असं का केलं, हे मी किती वेळा स्वतःला विचारलंय. मामीची मागणी मला मागासलेली वाटली. इतक्या धीटपणे बोललेल्या मुलीला तिची आईच झाकायला निघाली, आणि ती माझी मामी, हे माझ्या मित्रांना कळू नये असं वाटलं. महोत्सवातली सगळ्यात चांगली फिल्म माझ्याच नात्यातल्या बाईमुळे अडचणीत येऊ नये, असंही वाटलं. मुलीचं लग्न या सगळ्यात कुठेच मनात आलं नाही.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मामीला तेलुगू कळत नव्हतं; तिला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. बाहेर व्हरांड्यात ती वाकून माझ्या पाया पडली. आमच्याकडे भाच्याच्या पाया पडतात, लहान असला तरी.

"लोक लय चांगले हायेत रे," ती म्हणाली. "मले वाटलं हासतीन."

मी तिला बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म करणाऱ्यांची आपसातली चर्चा होती. ज्याच्यावर फिल्म करायची त्याची परवानगी कुठवर धरायची, हा विषय. दिग्दर्शक सरळ माणूस. तो म्हणाला, बायकांचे चेहरे दाखवावेत की नाही याबद्दल मला शेवटपर्यंत शंका होती, पण काल त्या आईंचं ऐकलं आणि मन निर्धास्त झालं. नागपूरकडून दोघेजण त्याच सकाळी आले होते, त्यांच्यासाठी हे मराठीत सांगायचं कामही माझंच. माझं खोटं मी माझ्याच तोंडानं पुन्हा मराठीत आणलं. त्यातल्या एकानं विचारलं, आईला समजलं होतं ना नीट? मी हो म्हणालो.

फिल्मच्या सीड्या निघाल्या. चंद्रपूरला महिलांच्या एका मेळाव्यात ती दाखवली गेली, तिथं राजुऱ्याच्या त्या मुलाची बहीण बसलेली होती. स्थळ बिजवराचं, माणूस चांगला, पाटाची बोलणी जवळजवळ पुरी झालेली. त्यांचा निरोप आला, "जे एका नवऱ्याच्या घरचं भर सभेत सांगते, ते उद्या आमचंबी सांगन."

मामी माझ्या शाळेत आली. मुलं डबे खात होती. ती दारातच उभी राहिली.

"तू त्याईले सांगतलं होतं ना रे?"

"सांगितलं होतं मामी. त्यानं ऐकलं नाही."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. पण मी ते त्या माणसावर ढकललं आणि मोकळा झालो. पुढं कितीतरी वर्षं मामी त्याला शिव्या द्यायची, लग्नात, मयतीत, कुठंही. मी शेजारी बसून ऐकायचो. मुलीला पुढे आणखी स्थळं आली, ती फिल्मपर्यंत येऊन थांबली. मग यायचीच बंद झाली. ती अंगणवाडीत आया म्हणून लागली. माझ्याशी ती कधी वाईट बोलली नाही. चहा आणून द्यायची आणि आत निघून जायची.

मध्ये एकदा त्या दिग्दर्शकाचा फोन आला. हैदराबादला जुन्या फिल्मा पुन्हा दाखवणार होते, त्या आईंना मंचावर बोलवू या म्हणाला. मला पुढं ऐकवेना. मी त्याला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर तिचा चेहरा पुसून टाकला असता. एका संध्याकाळचं काम होतं."

त्याच आठवड्यात मी मामीकडे गेलो. तिला आता ऐकू कमी येतं. मी खाटेजवळ बसून हळू आवाजात सुरुवात केली तर ती म्हणाली, "मोठ्यानं बोल, काऊन पुटपुटून राह्यला?" मोठ्यानं बोलायचं म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू जाणार. शेजारची बाई तांदूळ निवडायची थांबली. मुलगी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"मामी," मी म्हणालो, "त्या दिवशी तुमचं म्हणणं मी सांगतलंच नाही. मी बदललं. त्या माणसाची काही चूक नाही. तुमी शाळेत आल्या तवाबी मी खोटंच बोललो." मग मी दारातल्या बहिणीकडे वळलो. "बाई, तुझं लगन माह्यामुळं मोडलं. मले माफ कर."