आधी डॉक्टरांचं वजन

आमच्या मुलुंडच्या सोसायटीला दोन डॉक्टर होते. स्टेशनजवळचा तो बारीक आणि कोपऱ्यावरचे ते मोठे डॉक्टर. हे मोठेपण डिग्रीचं नव्हतं, घेराचं होतं. पेशंटला वजनकाट्यावर चढा म्हणायची वेळ आली की ते आधी स्वतः चढत. काटा कुरकुरायचा. मग वाकायचा प्रयत्न करत आणि पोट आड यायचं, म्हणून आकडा पेशंटलाच वाचायला लावत. "वाचलात? आता लाजायचं काही राहिलं नाही. या वर."

त्या काळात, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, लठ्ठपणा हा आजार आहे असं कुणाला वाटत नव्हतं. अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची. लोक यायचे ते गुडघे दुखतात, दम लागतो, चक्कर येते म्हणून. वजनाबद्दल बोललं की फी वाया गेल्यासारखा चेहरा करायचे. त्यांना इंजेक्शन हवं असायचं. डॉक्टर म्हणायचे, "देतो ना. पण आधी नाहूर स्टेशनपर्यंत चालत जा आणि चालत परत या. मग टोचतो." हे सांगून स्वतः स्कूटरवर बसायचे. स्कूटर खाली बसायची. कुणी हसलंच तर म्हणायचे, "माझा डॉक्टर मीच आहे, म्हणून तर ही दशा."

काय खाता, हे ते फारसं विचारत नसत. विचारायचे, "घरात वाढतं कोण?" मग जो वाढतो त्याला बोलावून घ्यायचे. माझ्या आईच्या बाबतीत ही पंचाईत झाली. वाढणारी तीच. मी तेव्हा बँकेत नवा लागलो होतो. पायऱ्या चढताना तिला दम लागायचा म्हणून तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं, लघवी तपासायला पाठवली, साखर निघाली. मग तिला शांतपणे विचारलं, "वहिनी, सगळे जेवल्यावर पातेल्यात उरतं त्याचं काय करता?"

"वाया कशाला घालवायचं? मीच संपवते."

"म्हणजे तुमच्या घरात कचऱ्याचा डबा नाही, तुम्हीच आहात." आई लाल झाली. डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि तू रे? उरलेलं तू खा, नाहीतर टाक. आईच्या पोटात टाकू नकोस."

इतकं स्पष्ट आमच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. आई चिडली, पण ऐकू लागली. जेवणाआधी गोळी, संध्याकाळी नाहूर, पातेल्यातलं उरलेलं मला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. तीन-चार महिन्यांत ती दुसऱ्या मजल्यावर न थांबता वर यायला लागली. वजन माझं वाढलं, ते सोडा.

आता पुढचं. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी कार्यक्रम व्हायचे आणि मला नकला करायची हौस होती. त्या वर्षी मी मोठे डॉक्टर केले. शर्टाखाली उशी, गळ्यात गॅसची नळी. "आता लाजायचं काही राहिलं नाही," असं म्हणायचं आणि प्रत्येक पेशंटमागे खिशातून एक बटाटावडा काढून खायचा. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. सगळ्यांत जास्त तेच हसले, डोळे पुसत. नंतर मला म्हणाले, "झकास! पण उशी फार लहान घेतलीस यार."

दवाखान्यात मात्र लोक विचारायला लागले, "डॉक्टर, वडा कुठाय?" तेही हसायचे. मग काट्यावर चढलेले लोकही आकडा हसण्यावारी नेऊन उतरायचे. आणि आईनं गोळ्या बंद केल्या. मी विचारलं तर आमच्या मालवणीत म्हणाली, "तेंचां काय ऐकतस? तेंचां प्वाट आधी येता, मगे ते." मंडपातलं माझंच वाक्य होतं ते. माझं इतकं कौतुक झालं होतं, की आईला खडसावायला जीभ रेटली नाही. पातेलीही पुन्हा तिच्याकडे गेली.

दिवाळीनंतर डॉक्टर आपण होऊन आमच्याकडे आले. तीन जिने. दारात बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "वहिनी, मला हसा, खुशाल हसा. गोळी सोडू नका. पायाला मुंग्या येतात का?"

"छे हो," म्हणत आईनं चहा ठेवला आणि बेसनाच्या लाडवांची बशी पुढे केली. डॉक्टरांनी बशीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा बशीकडे पाहिलं. आणि एक लाडू खाल्ला. आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की निकाल लागला. त्यानंतर ते जे काही बोलले, ते तोंडात लाडू असलेल्या माणसाचं बोलणं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आईला चप्पल चावली. जखम भरेना. आठवड्यांमागून आठवडे ती हळद लावत राहिली आणि मी बघत राहिलो. अंगठा काळा पडला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याच दिवशी टॅक्सी करून इस्पितळात नेलं. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आई शुद्धीवर आली तेव्हा तिच्या खाटेशेजारी डॉक्टर स्टुलावर बसले होते. स्टुलाबाहेर दोन्हीकडून. म्हणाले, "वहिनी, चूक माझी. मी त्या दिवशी तो लाडू खायला नको होता."  मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो. चूक त्यांची नाही, एवढ्या एका वाक्याचं काम होतं. लाडवाच्या कितीतरी आधी, मंडपातच सगळं संपलं होतं हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर दर आठवड्याला ते तीन जिने चढून यायचे, आईची साखर बघायला. पाणीसुद्धा मागत नसत. दोन वर्षांनी दवाखान्यातच हृदयविकारानं गेले. सोसायटीनं शोकसभा घेतली. सेक्रेटरी म्हणाले, "तू बोल रे. तुला त्यांची ढब येते." मी उभा राहिलो. ते किती दिलदार होते, कसे हसायचे, असं दोन-चार वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना आवडलं.

आईला पोरांनी खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, तशीच वर नेली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "तेंची चूक नाय होती, ह्यां तू तेंका कधी सांगलंस काय?"

"नाही."

तिनं आपल्या पायाच्या रिकाम्या जागेवर चादर ओढून घेतली.

"मगे चूक कोणाची ह्यां माका तरी सांगूक व्हया होतां," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.