शुद्ध असेपर्यंत

उरणहून पनवेलला येणाऱ्या रिक्षाला कंटेनरच्या ट्रेलरने घासत नेलं. आत तिघं होती. त्यातली एक माझी थोरली बहीण. शाळेत फोन आला, मी वर्गावरचा तास अर्धा टाकून धावलो. हॉस्पिटलात बाकीच्या दोघांना आत घेतलं होतं आणि ताई बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती. रिक्षावाल्याचा श्वास धड चालत नव्हता, दुसऱ्याच्या पोटात रक्त साचत होतं.

"या बोलतायत, म्हणजे थोडं थांबू शकतात," ड्युटीवरची डॉक्टर म्हणाली. तिचं चूक नव्हतं. ताईच्या मांडीला पट्टा आवळला होता आणि गुडघ्याखाली जे उरलं होतं त्याला पाय म्हणता आलं नसतं.

ताई विधवा, मूलबाळ नाही, उरणच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या सासूचा पाय साखरेने गेला होता. नंतर नऊ वर्षं सासूचं हगणं-मुतणं ताईने काढलं. शेवटी शेवटी सासू मार खायची. ताईचाच. हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

तिची पाळी आली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "पाय मांडीतून काढावा लागेल. नाही काढला तर जीव जाईल."

"जाऊ दे," ताई म्हणाली. "मना कुनाच्या घरात पडून नाय राहायचं."

डॉक्टरने तिला पुन्हा सगळं समजावलं. ताईने पुन्हा नकाराची मान हलवली. मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या शुद्धीत आहेत, समजून-उमजून नाही म्हणतायत. मला जबरदस्ती करता येत नाही."

"आणि शुद्ध गेली तर?"

"जीव धोक्यात आहे. तुमच्या सहीवर ऑपरेशनला घेऊ. पण त्यांनी नकार दिला होता, हे मी लिहिणार."

तेवढ्यात अपघाताचा जबाब घ्यायला हवालदार आला. रुग्ण जबाब द्यायच्या स्थितीत आहे, असं डॉक्टरने त्याला लिहून दिलं. ताईने ट्रेलरचा रंगसुद्धा बरोबर सांगितला.

हवालदार गेला आणि मी तिच्या उशाशी बसलो. तिची शुद्ध कधी जाते याची वाट बघत. कपाळावरून हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, आता मीट गं बाई डोळे.

"भाऊ, सही करू नको हां."

"नाही करत."

हे तिने पाच-सहा वेळा बजावलं. दर वेळी मी तेच उत्तर दिलं. मग तिने डोळे मिटले.

"बोलतायत का?" डॉक्टरने दारातून विचारलं.

चादरीखाली ताईने माझा हात दाबला. एकदा, मग पुन्हा.

"नाही," मी म्हणालो आणि हात सोडवून घेतला.

डॉक्टरने जवळ येऊन मोठ्याने हाका मारल्या, छातीचं हाड दाबलं. ताई नुसती कण्हली. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, फॉर्म पुढे केला. मी सही केली.

चौथ्या दिवशी वॉर्डात ती म्हणाली, "मी हात दाबलेला."

"मला कळलं नाही, ताई."

"कललं तुला."

याला दोन वर्षं झाली. आम्ही नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून सुटल्यावर तिला उचलून वर आणलं, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. पहिले काही महिने माझ्या बायकोने तिचं केलं. आता बायको त्या खोलीत जात नाही. "तुम्हीच सही केली होतीत ना?" एवढंच म्हणते. नकली पाय आणला होता. ताईने तो एकदाही लावला नाही. म्हणाली, "सही तू केलीस, तूच घाल."

परवा शेजारच्या दोघी भेटायला आल्या होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं. जीव वाचवला तुमचा."

"हो ना," ताई म्हणाली. "यानेच वाचवली." आणि त्यांच्या देखत माझ्याकडे लघवीचं भांडं मागितलं.