आठवडा विकायला भंडारदऱ्याला

खाजगी मालमत्तेविरुद्ध मी आजवर इतकी पत्रकं लिहिली आहेत की छापखानेवाला मला पाहताच कागद लपवतो. तरी त्या सकाळी नगरच्या एसटी स्टँडवर मी खाजगी मालमत्ता विकायलाच उभी होते.

मालमत्ता म्हणजे एक आठवडा. नगरच्या काही वकील-व्यापाऱ्यांनी मंडळ काढून भंडारदऱ्याला धरणाकाठी एक बंगला बांधला आहे. प्रत्येक सभासदाला वर्षातून एक आठवडा. माझे मामा दरवर्षी जात, खिडक्या लावून पत्ते खेळत आणि हवा फार गार आहे अशी तक्रार घेऊन परत येत. वारण्याआधी हे सभासदत्व ते माझ्या नावावर करून गेले. इकडे पूर्वेच्या तालुक्यांत माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत असताना मी हवापालट मंडळाची सभासद! विकायचं आणि पैसे खडीच्या कामावरच्या बायकांच्या पाळणाघराला द्यायचे, असं मी ठरवलं.

अडचण एकच होती. पुढचाच आठवडा माझ्या नावावर राखून ठेवलेला होता आणि तो मी कुसुम-वसंताला कबूल केला होता. त्यांनी नुकतंच रजिस्टर लग्न केलं होतं. जात वेगळी, म्हणून दोन्ही घरांची दारं बंद. एका मित्राच्या खोलीत ती दोघं आणि आणखी चार जण राहत होते. लग्न झाल्यापासून नवराबायकोला एकमेकांशी मोठ्यानं बोलायलासुद्धा जागा नव्हती.

मंडळाचे चिटणीस म्हणाले, "नाव बदललं की आठवडाही गेला. घेणाऱ्यानं सोडला तर गोष्ट वेगळी."

घेणारे होते तिसगावचे रंगनाथराव. शेती मोठी, शिवाय बाजारात कापडाचं दुकान. बैल दात बघून घ्यावा तसा बंगला बघूनच घेणार, म्हणून पत्नी भागूबाईंसह तेही स्टँडवर आले होते. मला पाहून ते माझ्या मागे बघू लागले.

"संगं कोन हाय?"

"कुणी नाही. मीच विकणार आहे."

"बरं झालं," भागूबाई म्हणाल्या. "बाप्या आला आसता तर तमाखू मळन्यातच दिस गेला आसता."

संगमनेरला गाडी थांबली. मी स्टँडवरची भजी घेतली. ती कोणत्या शतकात तळली होती, हे हॉटेलवाल्यालाच माहीत. भागूबाईंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी पुढं केली. अकोले सोडल्यावर घाट लागला. उन्हानं तापलेले उघडे डोंगर, मधेच आंब्याची गर्द झाडं आणि भाताची रिकामी खाचरं. राजूरच्या पुढं गाडीचं चाक बसलं. रंगनाथरावांनी ड्रायव्हरला इतक्या सूचना दिल्या, की शेवटी त्यानं पाना त्यांच्याच हातात दिला.

वळण ओलांडलं आणि धरण दिसलं. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठ उघडे पडले होते. मला तो दुष्काळ दिसला. भागूबाईंना पाणी दिसलं. बंगल्याकडं न बघता त्या थेट काठावर गेल्या आणि घोटाभर पाण्यात लुगडं सावरून उभ्या राहिल्या.

"आमच्या इहिरींनी तळ दाखीवला तवापास्नं हिचं एकच," रंगनाथराव म्हणाले, "मला पानी दाखवा. म्हनून तर हे खूळ."

बंगला त्यांना पसंत पडला. भिंतींवर खिळे मारू नयेत, मोठ्यानं गाऊ नये, अशा सूचना लावलेल्या होत्या. कोणत्याही तुरुंगाला शोभल्या असत्या. व्हरांड्यात बसल्यावर मी पुढच्या आठवड्याची गोष्ट काढली.

"त्यो आठवडा सोडायचा न्हाई," ते म्हणाले. "मी समद्या गावाला सांगून बसलोय."

मी विश्रांतीच्या हक्कावर बोलले. चांगलं बोलले. रंगनाथरावांनी जांभई दिली. एवढ्यात भागूबाई ओल्या पायांनी आल्या.

"येनार कोन हाय, त्ये सांग की."

मी सांगितलं. लग्न रजिस्टर, तेही सांगितलं. रंगनाथरावांनी दोघांच्या जाती विचारल्या. मी लपवल्या नाहीत.

"मग तर न्हाईच न्हाई! आई-बापाच्या तोंडाला काळं फासलेली पोरं माज्या आठवड्यात?"

"तुमचा कधी झाला?" भागूबाई म्हणाल्या. "चुलतभावाला ओढ्याकाठचं रान इकलं, तवा त्यात जोंधळा उभा हुता. कापला कोनी?"

"आपुन कापला. पेरला आपुन हुता."

"मग ही बी उभ्या पिकात रान इकतीया. पेरलं तिनं."

"ते पीक हुतं! ह्ये लफडं हाय!"

"उभ्या पिकात गुरं घालायची रीत कंदी काढली तुमी? गावाला सांगू का मी?"

रंगनाथरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "दाने पेरनाराचे. पर कणसं कापल्यावर मागं ऱ्हातो त्यो कडबा घेनाराचा. भावानं त्या साली कडबा नेला, व्हय का न्हाई?"

"नेला," भागूबाईंनी मान्य केलं.

"मग आतली खोली त्या पोरांची. मागची खोली आन् व्हरांडा कडबा. आमी बी येनार."

मी हादरले. नव्या जोडप्याचा एकांत आणि भिंतीपलीकडं तिसगाव! पण दुसरा मार्ग नव्हता. त्या दोघांना न विचारता मी हो म्हणून बसले.

"आन् त्या पोराला म्हनावं, मला पवायला शिकव," रंगनाथराव म्हणाले. "आमच्याकडं बुडायला बी पानी न्हाई."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मी कुसुमपुढं मांडायची बाजू मनातल्या मनात घोकत होते. नगरच्या स्टँडवर दोघं वाट बघत उभी होती. मी सगळं सांगितलं. वसंता भडकला. "हा मधुचंद्र आहे की शिबिर?" त्याचं काही चुकत नव्हतं.

कुसुम मात्र माझ्याकडं वळली.

"त्या बाई मला काय म्हणून हाक मारतील?" तिनं विचारलं.

"त्यांना काय, सूनबाईच म्हणतील," मी वैतागून म्हणाले.

"म्हणतील ना नक्की?"

तू कुणाची सूनबाई नाहीस, स्वतंत्र स्त्री आहेस, असं अगदी ओठांवर आलं होतं. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. माझ्या बाबतीत तो एवढाच झाला, की मी तोंड मिटलं.

"मग जाऊ या," कुसुम वसंताला म्हणाली, आणि भंडारदऱ्याची गाडी कधी सुटते ते विचारायला स्वतःच खिडकीकडं गेली.